मुद्दल, व्याज आणि क्षमा: एका जामीनकीचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच मंडळीतलं, म्हणजे आमच्या चर्चमधलं आहे आणि त्यात मी नुसता बघ्या नव्हतो. भुसावळला रेल्वेच्या हिशेब खात्यात माझी नोकरी गेली. आता निवृत्त आहे आणि मंडळीच्या कमिटीत वडील, म्हणजे एल्डर म्हणून बसतो. या प्रकरणातली एक मोठी चूक माझ्या तोंडून झाली, ती पुढे येईलच. दोन्ही घरांनी लिहायला होकार दिला आहे. नावं काढली, गाव पुसलं, वर्षं गाळली, आकडे थोडे सरकवले, पण बेरजा जुळतील असे ठेवले. जुनी सवय. एकाला गुरुजी म्हणेन, दुसऱ्याला जिभाऊ. खानदेशात गल्लीगणिक चार गुरुजी आणि चार जिभाऊ निघतात, त्यामुळे कोणी ओळखेल अशी भीती नाही.

पार्श्वभूमी

आमची मंडळी अलायन्स मिशनच्या काळातली. आज सत्तर-ऐंशी घरं असतील. निम्मी रेल्वेतली, काही शाळा-दवाखान्यांत, थोडी तापीपलीकडे यावल-रावेरच्या बाजूला केळीच्या कामात. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. जिभाऊ त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, वयानं दहा वर्षांनी मोठे. बहिणीला सगळे आक्का म्हणतात.

गुरुजींचे वडील लवकर वारले. त्या वेळी गुरुजींच्या डी.एड.ची फी जिभाऊंनी भरली होती. दोन वर्षं, गाजावाजा न करता. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली नाही तर पुढचं काहीच नीट समजत नाही.

जिभाऊ ठेक्यानं जमीन घेऊन केळी लावायचे. जानेवारीत त्यांनी एका पतसंस्थेतून तीन लाखांचं कर्ज घेतलं, मुदत 48 महिने. जामीनदार हवा होता, आणि पगारदार जामीनदार म्हटल्यावर संस्थेलाही दुसरं काही नको असतं. गुरुजींनी सही केली. "वाचलं का?" असं मी नंतर विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ज्यांनी माझी फी भरली त्यांच्यासमोर बसून कागद वाचायचा?" त्या गठ्ठ्यात पगारातून परस्पर कपात करायला संमती देणारं पत्रही होतं.

पाच हप्ते गेले. जूनमध्ये वादळ आलं आणि निसवणीवर, म्हणजे घड बाहेर पडायच्या वेळेला आलेली बाग एका संध्याकाळी आडवी झाली. ज्यांनी केळीचं शेत आडवं पडलेलं पाहिलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. हप्ते थांबले. मुद्दल 2,76,000 रुपये राहिलं होतं.

पुढच्या वर्षी दोघांना नोटिसा आल्या. गुरुजींना वाटत होतं, आधी जिभाऊंकडून वसुली होईल, मग गरज पडली तर आपल्याकडे येतील. आपल्याकडे जवळपास प्रत्येक जामीनदाराचा हाच समज असतो. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 सरळ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच आहे. संस्था थेट जामीनदाराच्या दारात येऊ शकते. पगार असलेला माणूस सोडून आडव्या पडलेल्या बागेकडे कोण जाईल? त्या ऑक्टोबरपासून गुरुजींच्या पगारातून दरमहा 10,750 कापले जाऊ लागले. 36 महिने. एकूण 3,87,000.

अडचण

पैशाची अडचण उघड होती. गुरुजींच्या घरी वहिनींच्या पाटल्या गेल्या. मुलीला बी.एस्सी. नर्सिंगला जायचं होतं, प्रवेशाची यादीही लागली होती. फी जमली नाही म्हणून ती जीएनएमला गेली. चार वर्षांच्या पदवीऐवजी तीन वर्षांचा डिप्लोमा. बाहेरच्यांना हा फरक किरकोळ वाटतो. ज्या मुलीनं बारावीला रात्री जागून अभ्यास केला तिला तो किरकोळ वाटत नाही.

पण गुरुजींच्या मनात जे साचत होतं ते पैशापेक्षा वेगळं होतं. तीन वर्षांत जिभाऊ एकदाही या विषयावर बोलले नाहीत. रविवारी भेट झाली की "काय गुरुजी, बरं ना?" म्हणायचे आणि चपला घालून निघायचे. एकदा गुरुजींनी आक्काकडे विषय काढला तेव्हा ती पटकन बोलून गेली, "तुझं डी.एड. कोणी केलं?" त्या दिवसापासून गुरुजींनी बहिणीच्या घरचं पाणी सोडलं.

आणि प्रभुभोजनही सोडलं, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून मंडळी मिळून भाकरी घेते तो विधी. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते येत, शेवटच्या बाकावर बसत, भाकरीची थाळी हातात आली की न घेता शेजाऱ्याकडे देत. इतक्या सहज की पाठमोऱ्या लोकांना कळायचंही नाही. माझी जागा बाजूला असल्यामुळे मला दिसायचं. प्रभूची प्रार्थना म्हणतानाही ते एका ओळीला गप्प राहत. मराठीत ती ओळ पापाची नाही, ऋणाची आहे: जसं आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं आहे, तशी तू आमची ऋणं सोड. इतरांसाठी तो अलंकार असेल. गुरुजींच्या हातात मात्र पगाराची स्लिप होती.

पहिला प्रयत्न, जो आम्ही बिघडवला

कपात सुरू होऊन सहा महिने झाले होते. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जण सांगतात. पहिला उद्गार, "हे बापा, त्यांना क्षमा कर", माझ्या वाट्याला आला होता. त्या वेळच्या पाळकसाहेबांशी, म्हणजे पास्टरांशी बोलून मी ठरवलं की आज हा गुंता सोडवायचा. बोलता बोलता मी गुरुजींकडे बघितलं. सगळ्या मंडळीनं बघितलं. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी दोघांना पुढे बोलावलं, हातात हात दिले, प्रार्थना केली. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, फार चांगलं झालं.

पुढे कित्येक महिने मला असंच वाटत होतं. आज तो प्रसंग आठवला की लाज वाटते. जिभाऊंनी काय केलं, कशाची क्षमा मागितली, हे त्या दिवशी कोणीच उच्चारलं नाही. ते एवढंच म्हणाले, "वादळानं घात केला." म्हणजे क्षमा करायची ती वादळाला. शिवाय ज्या वचनाचा आधार मी घेतला त्यात येशूनं पित्याकडे प्रार्थना केली होती. शिपायांना ओळीनं उभं करून त्यांच्याशी हात मिळवले नव्हते.

गुरुजी प्रभुभोजन घेऊ लागले. आम्ही प्रकरण मिटलं म्हणून वहीतून काढून टाकलं.

दुसरी लाट

दीड वर्षानंतर डिसेंबरात सावद्याकडे एका लग्नात गुरुजी जेवायला बसले. शेजारी एक खासगी सावकारीतला माणूस बसला होता. बोलता बोलता तो कौतुकानं म्हणाला, "तुमचे मेहुणे शब्दाचे पक्के. जानेवारीत सगळं देणं एका दिवसात फेडलं त्यांनी माझं." गुरुजींनी महिना विचारला, वर्ष विचारलं. पतसंस्थेचं कर्ज ज्या आठवड्यात निघालं तोच आठवडा.

म्हणजे तीन लाख बागेत गेलेच नव्हते. ते आधीच्या देण्यात गेले. वादळ पाच महिन्यांनी आलं. सही घेताना जिभाऊंना आपली अवस्था माहीत होती.

यानंतरचे महिने पहिल्या दोन वर्षांपेक्षा वाईट गेले. आता राग जिभाऊंवर होता, आमच्यावरही होता, आणि स्वतःवरही. गुरुजी मला म्हणाले, "तुम्ही माझ्याकडून कोऱ्या कागदावर दुसऱ्यांदा सही घेतली." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. थाळी पुन्हा शेजाऱ्याकडे जाऊ लागली.

समोर कोणते मार्ग होते

मधल्या काळात पाळक बदलले. नवे पाळकसाहेब तरुण, नंदुरबारकडचे, बोलायला कमी. त्यांनी घाई केली नाही. गुरुजींच्या ओट्यावर आम्ही तिघे चार-पाच वेळा बसलो, आणि दरवेळी वेगळा मार्ग समोर आला.

पहिला मार्ग सगळ्यांच्या तोंडी होता: सोडून द्या, प्रभू बघून घेईल. यासाठी बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली गोष्ट, पुढे केला जायचा. राजानं दहा हजार तालांत सोडले, आणि त्याच चाकरानं सोबत्याचा गळा शंभर दीनारांसाठी धरला. मी हिशेबाचा माणूस, म्हणून गुणाकार केला. दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. एकीकडे सहा कोटी दिवसांची मजुरी, दुसरीकडे शंभर दिवसांची. सहा लाखाला एक हे प्रमाण. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शंभर दिवसांची मजुरी ही गरिबासाठी लहान रक्कम नाही. दाखल्यात ती शून्य म्हटलेली नाही, ते खरं देणं होतं. गुरुजी म्हणाले, "राजानं माझे सहा कोटी दिवस सोडले हे मला रविवारी पटतं. एक तारखेला पगार होतो तेव्हा शंभर दिवसच दिसतात." इतकं प्रामाणिक वाक्य मी प्रवचनात कधी ऐकलं नाही.

दुसरा मार्ग कोर्टाचा. जामीनदारानं भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून मागण्याचा हक्क त्याच करार कायद्यात, कलम 145 मध्ये आहे. पण मुदत तीन वर्षांची, पैसे भरल्यापासून मोजायची. गुरुजींचा पहिला हप्ता ऑक्टोबरातला, म्हणजे येत्या ऑक्टोबरपासून महिन्याला एक एक हप्ता हक्काबाहेर जाणार होता. हे ऐकून कमिटीतले एक जण उसळले: विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर खटले भरू नयेत असं प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पत्रात लिहिलंय, त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही? नव्या पाळकसाहेबांनी तोच अध्याय उघडून दोन ओळी वरचं वाचून दाखवलं. तिथे पौल मंडळीला विचारतो, भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? म्हणजे सोसण्याचा प्रश्न गुरुजींना विचारायच्या आधी निवाड्याचा प्रश्न आम्हाला होता. आम्ही आमचा भाग गाळून त्यांचा भाग त्यांना वाचून दाखवत होतो.

तिसरा मार्ग गुरुजी आधीच चालत होते: संबंध तोडून गप्प राहायचं. त्याचा त्रास त्यांना होत होता, जिभाऊंना फारसा नाही. झोप उडाली होती, वर्गात पोरांवर विनाकारण ओरडणं वाढलं होतं. हे मला वहिनींनी सांगितलं, त्यांनी कधीच नाही.

चौथा मार्ग त्याच अठराव्या अध्यायात, दाखल्याच्या थोडं वर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. भावानं अपराध केला तर आधी एकान्तात जाऊन त्याचा अपराध त्याला सांग. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा. तरी नाही तर मंडळीला सांग. आम्ही उत्तम शुक्रवारी थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारली होती, आणि तिथेही अपराध सांगायचा राहूनच गेला होता.

पाळकसाहेबांनी आणखी एक गोष्ट दाखवली जी माझ्या इतक्या वर्षांच्या वाचनात निसटली होती. वेदीजवळ दान ठेवून आधी समेट करायला जा, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय, तिथे उठायचं कोणी? ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे त्यानं. म्हणजे जिभाऊंनी. आणि थाळी नाकारत कोण होतं? गुरुजी.

निर्णयाची जागा: कोणी आधी जायचं

यावर बराच वाद झाला. माझं मत होतं की पाळकसाहेबांनी जिभाऊंना बोलवून पाचवा अध्याय दाखवावा. गुरुजींनी नकार दिला. "बोलावलं तर ते पुन्हा वादळच सांगतील. मला त्यांच्या तोंडून जानेवारी ऐकायचाय." ते एकटे जाणार होते, घरी नाही, कारण घरी आक्का असते आणि तिच्यासमोर दोघेही खोटं बोलतात.

कपातीचा शेवटचा महिना होता, सप्टेंबर. जिभाऊ तेव्हा सावद्याजवळ केळी भरण्याच्या कामावर मुकादम होते. पुढचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. जिथे जुळतं तेवढंच लिहितो.

ट्रक भरून गेला होता. दोघे उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसले. जिभाऊंच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते, जे कुठल्याही साबणानं जात नाहीत. त्या भागात कोण काय काम करतो हे सदऱ्यावरून कळतं. एके काळी असे डाग त्यांच्या स्वतःच्या बागेतल्या मजुरांच्या सदऱ्यावर असत. गुरुजींनी पिशवीतून पगाराच्या स्लिपा काढल्या, रबर बँड लावलेल्या, आणि मांडीवर ठेवल्या. म्हणाले, "डी.एड.ची फी मी विसरलो नाही. पण मला एकच सांगा, सही घेतली तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?"

जिभाऊ बराच वेळ बोलले नाहीत. मग अहिराणीत म्हणाले, "माले माहीत व्हतं. पयलेच माहीत व्हतं." आणि थोड्या वेळानं, "मनी चूक व्हयनी." माझी चूक झाली.

रडलं कोण यावर दोघांचं एकमत नाही. गुरुजी म्हणतात जिभाऊ. जिभाऊ म्हणतात, "मी नाही, गुरुजीच." मी दोघांवर विश्वास ठेवतो.

त्या दिवशी गुरुजींनी "माफ केलं" असं म्हटलं नाही, हेही दोघे सांगतात. ते उठले, स्लिपा पिशवीत घातल्या आणि म्हणाले, "हे लिहून द्याल का?"

कागद

कमिटीत या मागणीवर कुजबुज झाली. कबुली मिळाली, आता कागद कशाला, हा कसला ख्रिस्ती माणूस? मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग पाळकसाहेबांनी बुधवारच्या कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेला, पौलानं फिलेमोनला लिहिलेलं पत्र वाचलं. पंचवीस वचनांचं पत्र, पाच मिनिटांत संपतं. पळून गेलेल्या अनेसिम नावाच्या दासाला परत पाठवताना पौल त्याच्या मालकाला, फिलेमोनला लिहितो, त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल किंवा देणं लागत असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी पौल हे स्वहस्ते लिहितो, मी फेडीन. म्हणजे क्षमेची मागणी आणि देण्याची लेखी हमी एकाच पानावर. पौल जामीन राहिला, आणि सही स्वतःची केली. बायबलच्या नीतिसूत्रांत जामिनकीबद्दल इतके इशारे आहेत की हे वाचून हसू आलं, पण गुरुजींच्या खांद्यावरचं ओझं त्या संध्याकाळी थोडं उतरलेलं दिसलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जिभाऊंनी शाळेच्या दुरेघी वहीच्या पानावर स्वतःच्या हातानं लिहिलं: कर्ज कधी घेतलं, कशासाठी वापरलं, जामीनदारापासून काय लपवलं, जामीनदारानं किती भरलं, आणि ही रक्कम मी देणं लागतो. खाली तारीख, सही. साक्षीला पाळकसाहेब आणि मी. मुदत कायद्याच्या कलम 18 प्रमाणे, मुदत संपण्याआधी लिहून सही केलेली कबुली असली की तीन वर्षं नव्यानं मोजली जातात. पहिल्या हप्त्याची मुदत संपायला महिनाही उरला नव्हता. मी हे कमिटीत सांगितलं तेव्हा कोणाला आवडलं नाही. पण त्यामुळे एक गोष्ट शक्य झाली: गुरुजींना कोर्टात जायची घाई उरली नाही. घाई गेली तसा रागाचा एक मोठा भाग गेला. त्यांच्या रागात भीती किती होती हे तेव्हा कळलं.

रकमेचा निर्णय गुरुजींनी स्वतः केला. आम्ही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. 3,87,000 पैकी 2,76,000 मुद्दल, 1,11,000 व्याज आणि खर्च. "व्याज सोडलं. मुद्दल नाही सोडत." महिना 4,000 प्रमाणे 69 हप्ते. आणि पैसे त्यांना नकोत, थेट मुलीच्या खात्यात जावेत.

मंडळीत काहींना आजही वाटतं की हप्ते घेतले म्हणजे क्षमा अर्धी झाली. मला तसं वाटत नाही. गणनाच्या पुस्तकात अपराध कबूल करणाऱ्याला भरपाई अधिक पाचवा हिस्सा द्यायला सांगितलंय, जक्कय नावाच्या जकातदारानं चौपट परत करतो म्हटलं आणि येशूनं त्याला "राहू दे" म्हटलं नाही. भरपाई केल्यानं जिभाऊंची मानही थोडी वर आली. आधी ते रविवारी चपला घालून पळायचे, आता थांबतात.

काय झालं

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी गुरुजींनी थाळीतून भाकरी घेतली. कोणी पुढे बोलावलं नाही, कोणी साक्ष द्यायला सांगितलं नाही.

राग मात्र संपला नव्हता. गुरुजी शिक्षक असल्यामुळे त्यांनी त्याची हजेरी ठेवली. खिशातल्या कॅलेंडरवर, ज्या दिवशी जुनी गोष्ट रागानं आठवेल त्या दिवशी पेन्सिलीचा टिंब. ऑक्टोबरात 22 टिंब. डिसेंबरात 15. मार्चमध्ये 6. पाळकसाहेबांना त्यांनी ते दाखवलं तेव्हा ते म्हणाले, येशूनं पेत्राला साताच्या सत्तर वेळा क्षमा कर म्हणून सांगितलं ते वेगवेगळ्या चारशे नव्वद अपराधांसाठीच असेल असं कशावरून? एकाच अपराधाला तेवढ्या वेळा करावी लागत असेल. जून महिन्याचा हप्ता वेळेवर आला नाही. त्या महिन्यात 19 टिंब. जिभाऊंनी या वेळी आधी फोन करून सांगितलं होतं की आक्काच्या दवाखान्याचा खर्च निघालाय, हे कळूनही 19.

आज 23 हप्ते झाले. दोन उशिरा आले, एकही बुडाला नाही. गेल्या हिवाळ्यात आक्कानं मळ्यात भरिताचा बेत केला, पऱ्हाट्यांवर वांगी भाजली. गुरुजी गेले, जेवले, पाणीही प्यायले. डी.एड.च्या फीचा विषय आक्कानंच काढला आणि "ते मी बोलायला नको होतं" म्हणाली. फार वेळ नाही लागला त्याला, कांद्याची पात निवडता निवडता बोलून झालं.

वेगळं काय करता आलं असतं

सही करण्याआधीची गोष्ट सोपी आहे आणि म्हणूनच कोणी करत नाही: कागद वाचायचा, आणि मदतच करायची तर जामीन न राहता झेपेल तेवढी रक्कम हातावर ठेवायची. उपकाराची परतफेड सहीनं करायची नाही. गुरुजींनी त्या जानेवारीत डी.एड.च्या फीइतके पैसे जिभाऊंना दिले असते, तर हे प्रकरण घडलं नसतं.

आमच्या बाजूनं, उत्तम शुक्रवारचा तो प्रसंग टाळायला हवा होता. सगळ्यांसमोर क्षमा करायला लावणं म्हणजे ज्याचं नुकसान झालं त्याच्यावर दुसरी सक्ती. आता कमिटीनं ठरवलंय की असा वाद आला तर आधी काय घडलं ते दोन्ही बाजूंकडून तारखांसह लिहून घ्यायचं, मगच वचनं उघडायची. जानेवारी आणि जून या दोन तारखा आम्ही पहिल्याच दिवशी शेजारी मांडल्या असत्या तर दीड वर्ष वाचलं असतं. मी हिशेब खात्यातला माणूस, आणि मलाच हे सुचलं नाही. मी त्या दिवशी पावतीआधी शिक्का मारला.

पाळक बदलले नसते तर काय झालं असतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो. बहुधा काहीच नाही. जुने पाळकसाहेब चांगले होते, पण त्या हस्तांदोलनाला चूक म्हणणं त्यांना जड गेलं असतं, आणि मलाही.

एक चूक शेवटपर्यंत राहिली आणि ती मला हे लिहिताना कळली. गुरुजींचे पैसे गेले, वहिनींच्या पाटल्या गेल्या, पण सगळ्यात मोठी किंमत मुलीनं दिली. या साऱ्या बैठकांत तिला कोणी बोलावलं नाही. व्याज सोडताना तिला विचारलं नाही, पैसे तिच्या खात्यात टाकायचं ठरवतानाही नाही. आपण मोठ्या मनानं तिचाही वाटा माफ करून टाकला, आणि तो अधिकार बापाला किंवा मंडळीला कोणी दिला हे विचारलं नाही.

ती आता शेवटच्या वर्षाला आहे. दर महिन्याच्या दहा तारखेला पैसे आले की आत्याला "मिळाले" एवढा एक शब्द पाठवते. या लेखासाठी परवानगी मागायला मी तिला फोन केला. वॉर्डातून बोलत होती, मागे कुठल्या तरी मशीनचा आवाज येत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लिहा काका. पण माझ्याबद्दल क्षमा केली असं लिहू नका. माझं अजून ठरलं नाही."

म्हणून तसं लिहिलेलं नाही.